खाडीचा गाळ आणि विणीचे महिने

दापोलीचा इतिहास सांगायला बसलेला माणूस बहुधा कॅम्पापासून सुरुवात करतो. पलटणी, पेन्शनरांची वस्ती, गोपाळबाबा वलंगकरांचे अर्ज आणि लेख, सुभेदार रामजी सकपाळांचे येथले काही काळचे बिऱ्हाड. आपल्या समाजातील अभ्यासकांनीही हाच इतिहास उकरून काढला आणि ते योग्यच झाले. तो दडपलेला होता. पण या तालुक्याला आणखी एक इतिहास आहे. तो टेकडीवरच्या कॅम्पाचा नाही, खाली खाडीच्या चिखलातला आहे. उत्तरेला भारजा नदी केळशीला समुद्रास मिळते, मध्ये आंजर्ल्याची खाडी, दक्षिणेला चिपळुणावरून येणारी वाशिष्ठी दाभोळला मिळते. मंडणगडच्या पलीकडे बाणकोटची खाडी, म्हणजे महाडहून येणारी सावित्री. या चिखलात पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी बांध घातले त्यांची नोंद कुठल्या दप्तरात नीट सापडत नाही. त्याच चिखलाच्या काठाला अंडी घालणाऱ्या मगरीची आणि कासवाचीही परवापरवापर्यंत नव्हती. आज या खाड्यांतून गाळ उपसण्याची, पूल घालण्याची, जेट्या बांधण्याची कामे निघत आहेत. अशा वेळी या दोन्ही बेदखल हक्कदारांचा विचार एकत्र केला पाहिजे, असे माझे म्हणणे आहे. ते काहींना विपरीत वाटेल. माणसाला अजून न्याय मिळालेला नाही आणि हा गृहस्थ मगरीची वकिली करतो, असाही आक्षेप येईल. म्हणूनच सुरुवात महाडपासून करतो.

चवदार तळ्याचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला होता आणि महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे सर्वांना खुले केल्याचे कागदावर लिहिले होते. कागद होता, पाणी नव्हते. त्याच वर्षीच्या डिसेंबरातल्या परिषदेत बाबासाहेबांनी जे भाषण केले त्यातला एक मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. महाडचे स्पृश्य लोक पशुपक्ष्यांना तळ्याचे पाणी पिऊ देतात, इतकेच नव्हे तर अस्पृश्यांनी पाळलेल्या जनावरांनाही पिऊ देतात, असे त्यांनी दाखवून दिले. म्हणजे बैल पाणी पिऊन वर येई आणि त्याचा धनी काठावर तहानलेला उभा राही. यावरून काहींनी असा निष्कर्ष काढला की या देशात जनावराला मान आहे, माणसाला नाही. हा निष्कर्ष वरवरचा आहे. तळ्यावर बैलाला मज्जाव नव्हता तो बैलावरच्या प्रेमामुळे नव्हे. बैलाने पाणी प्याल्याने कोणाची मालकी धोक्यात येत नव्हती, म्हणून. पाणी कोणाचे हे ठरवण्याचा अधिकार एका हाती होता आणि तो सोडायचा नव्हता. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ साली त्या दाव्याचा निकाल दिला तोवर दहा वर्षे लोटली होती.

त्या डिसेंबरात बाबासाहेब महाडला कसे गेले, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. मोटारवाल्यांचा भरवसा नव्हता, म्हणून ते ‘पद्मावती’ बोटीने मुंबईहून निघाले, हरिहरेश्वराकडून खाडीत शिरले आणि २५ डिसेंबरला दासगावला उतरून तेथून महाडपर्यंत पायी गेले. रस्त्यावर ज्यांची सत्ता होती त्यांची खाडीवर तितकीशी नव्हती. आमच्या चळवळीचा हा जलमार्ग आहे. त्याच पात्रात पुढे वाळूच्या होड्या, सक्शन पंप आणि आता गाळ काढणारी पोकलेन यंत्रे आली.

खार म्हणजे काय, हे घाटावरच्या वाचकांसाठी थोडे सांगायला हवे. भरतीचे खारे पाणी ज्या सपाट जमिनीवर चढते ती खाजण. तिच्याभोवती मातीदगडाचा बांध घालून समुद्र बाहेर ठेवायचा. बांधात झडपेची उघाडी बसवायची, म्हणजे ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर पडते आणि भरती आली की झडप मिटते. काही पावसाळ्यांनी जमीन धुऊन निघाली की खारटपणात तग धरणारा भात पेरायचा. ऐकायला सोपे वाटते. पण बांध घालायचा तो भांगाच्या दिवसांत, भरती कमी चढते तेव्हा, आणि पुरा करायचा तो उधाणाच्या आत. कमरेएवढ्या चिखलात उभे राहून ढेकळे हातोहात द्यायची. एक खांड पडली की सगळी खार बुडाली. हे काम कुणब्यांनी केले, महारांनी केले, खारवी, भंडारी, दालदी यांनी केले. खोताच्या गावात त्यातले पुष्कळसे वेठीने झाले. खार तयार झाली की ती खोताच्या नावावर लागे. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. तिच्याविरुद्धचे विधेयक बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी विधिमंडळात मांडले होते.

माझे घर खाडीकाठच्या गावातले. घरात पदवी घेतलेला मी पहिला. माझे आजोबा खारीच्या बांधावर मजुरीला जात, आजी ओहोटीला मुळे, तिसऱ्या आणि कालवे काढी. कोणत्या वळणाला चिखल पायाखाली धरतो आणि कोणत्या वळणाला गिळतो, मगर कोणत्या काठाला ऊन खात पडते आणि कोणत्या महिन्यात त्या काठाला पोरांना सोडायचे नाही, हे तिला अचूक ठाऊक होते. हे ज्ञान आहे असे तिला कोणी सांगितले नाही. ते पोटासाठी मिळवलेले होते, आणि आमच्या पिढीने शिक्षण घेतले ते बहुतांशी या चिखलातून बाहेर पडण्यासाठी. याला मी दोष देत नाही.

उलट साहेबाने काय काय नोंदवले ते पाहा. रत्नागिरी जिल्ह्यात नोकरीस असलेल्या जी. डब्ल्यू. विडाल या अधिकाऱ्याने दक्षिण कोकणातील पक्ष्यांची यादी १८८० साली प्रसिद्ध केली. त्याच वर्षी जिल्ह्याचे गॅझेटिअर निघाले. काम मेहनतीचे आहे, मी ते वर्गात वापरतो. पण कोणता पक्षी कोणत्या झाडावर विणतो हे साहेबाला दाखवणारा, कमरेला लंगोटी लावलेला माणूस त्या पानांत शोधून काढावा लागतो.

खोतीनंतर सरकार आले. १९४८ चा मुंबई खार जमीन कायदा, मग १९७९ चा महाराष्ट्र खारभूमी विकास कायदा. या काळात तिवर आणि चिपी म्हणजे निरुपयोगी झुडपे आणि खाजण म्हणजे पडीक जमीन, असे सरकारी धोरणच होते. शेतीसाठी ते काही अंशी समर्थनीयही होते; भुकेल्या माणसाला भात पाहिजे. पुढे वारे फिरले. १९७१ साली इराणमधल्या रामसर गावी पाणथळ जागांविषयी आंतरराष्ट्रीय करार झाला. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. त्याच १९७२ मध्ये दापोलीत कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. या तीन घटनांना एकमेकींची खबर नव्हती, आणि अजूनही फारशी नाही, हे आपल्या विचारविश्वाचे दारिद्र्य म्हटले पाहिजे. १९९१ साली किनारा नियमनाची अधिसूचना निघाली. कांदळवनांच्या तोडीवर उच्च न्यायालयाने २००५ साली बंदी घातली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ती कायम करताना, सार्वजनिक हिताच्या कामासाठी तोड करायची तर आधी न्यायालयाची परवानगी घ्या, असे सांगितले. हा दरवाजा न्यायालयाने अरुंद ठेवला हे खरे. पण त्या दरवाजातून आत जाण्याची ऐपत मोठ्या प्रकल्पाला असते. चुलीसाठी तिवराची मोळी तोडणाऱ्या बाईला नसते.

आता गाळाकडे येऊ. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीला आणि सावित्रीला जो पूर आला त्यात चिपळूण आणि महाड बुडाले. चिपळूणच्या नागरिकांनी त्याच वर्षीच्या डिसेंबरात उपोषण केले आणि नव्या वर्षात वाशिष्ठीतून गाळ काढायला सुरुवात झाली. सावित्रीतही काम निघाले. ही मागणी रास्त होती, याविषयी माझ्या मनात किंतु नाही. नदी भरली की प्रथम पाणी शिरते ते सखल भागातल्या वस्तीत, आणि गावाने सखल जागा कोणाला दिली होती हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. गाळ काढलाच पाहिजे. प्रश्न आहे तो केव्हा, कोठून आणि काढलेला टाकायचा कोठे, हा.

कोकणात यंत्र नदीत उतरवता येते ते पावसाळा संपल्यावर. प्रत्यक्षात काम जोरात चालते ते जानेवारी ते मे. मगरीचे वर्ष पाहा. मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये पाण्यालगतच्या उतारावर वाळूमातीत खड्डा करून अंडी घालते, पंचवीसतीसपर्यंत. दोन महिन्यांच्या आतबाहेर पिल्ले निघतात, पावसाच्या तोंडावर. पिल्लू नर निघेल की मादी, हे खड्ड्यातल्या उष्णतेवर ठरते. म्हणजे नुसती सावली हलली, काठ सपाट झाला तरी फरक पडतो. समुद्रकाठच्या ऑलिव्ह रिडले कासवाचा हंगामही हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा. मादी रात्री पुळणीवर येते, शंभराच्या आसपास अंडी घालून परत जाते आणि दीडदोन महिन्यांनी पिल्ले पाण्याकडे धावतात. कामाचे महिने आणि विणीचे महिने एकच आहेत. सगळी अडचण येथे आहे, आणि ती निसर्गाने घातलेली असल्यामुळे भाषणाने सुटत नाही. कामाचे वेळापत्रक काठाकाठाने लावूनच सुटते. एका वळणावर घरटे असेल तर ते वळण पावसाच्या तोंडापर्यंत सोडायचे, मधल्या पात्रातला गाळ आधी काढायचा. यात काम थांबत नाही, क्रम बदलतो.

मुंबई-गोवा महामार्गावरचा सावित्रीचा जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री वाहून गेला आणि दोन एसट्यांसह माणसे गेली. शोध घेणाऱ्यांना पुराबरोबर मगरींचेही भय होते, हे त्या वेळी वर्तमानपत्रांनी ठळक छापले. नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून जून २०१७ मध्ये खुला झाला. विक्रम म्हणून त्याचे कौतुक झाले, आणि पूल हवाच होता. पण ज्या मगरीची बातमी ऑगस्टात होते तिचे विणीचे महिने त्या १६५ दिवसांत येऊन जातात, हे त्या कौतुकात कोठेही नव्हते. मगर भयाच्या बातमीत असते, कामाच्या कागदात नसते.

कागदाची गोष्ट अशी. पर्यावरणीय पूर्वपरवानगीच्या २००६ च्या अधिसूचनेत जानेवारी २०१६ मध्ये जी दुरुस्ती झाली, तिने देखभाल आणि आपत्ती निवारणासाठी नद्या, कालवे व धरणांतून गाळ काढण्याचे काम पूर्वपरवानगीच्या अटीतून वगळले. म्हणजे पुराच्या नावाने गाळ काढायचा तर आधी अभ्यास बंधनकारक नाही. दुसरीकडे वन्यजीव कायद्यात शिकारीची जी व्याख्या आहे ती मुद्दाम वाचण्यासारखी आहे. पक्ष्यांच्या आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना इजा करणे, इतकेच काय त्यांची अंडी किंवा घरटे विस्कटणे, हीसुद्धा शिकारच. मगर आणि हे कासव दोन्ही पहिल्या अनुसूचीत आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही तेथेच. या व्याख्येप्रमाणे पुळणीवरची अंडी उकरून बाजारात नेणारा माणूस शिकारी आहे. घरट्यावरून यंत्र नेणाराही शिकारीच आहे. पंचनामा मात्र पहिल्याचाच होण्याचा संभव अधिक, कारण तो चालत जातो आणि त्याच्या डोक्यावर टोपली असते.

मी एका कार्यालयात अशा एका कामाचा करारनामा पाहायला गेलो होतो. तीन खेपा घातल्यावर तो पाहायला मिळाला. लांबी, घनमीटर, दर, यंत्रांची संख्या, वाहतुकीचे अंतर, सारे बिनचूक होते. काठाला काय राहते याची एक ओळही नव्हती. तेथला कारकून भला माणूस होता, आमच्याच वस्तीतून आलेला. तो म्हणाला, “सर, ज्याचं बिल निघत नाही ते लिहीत नाहीत.” एवढ्या थोडक्यात मला कोणी धोरण समजावले नव्हते.

आणि बिल निघते तेथे काय होते? ओडिशात गहिरमाथा अभयारण्याजवळ टाटा स्टील आणि लार्सन अँड टुब्रो यांनी धामरा बंदर बांधले, तेव्हा कासवांवरून देशभर वाद झाला. बंदराची जागाच चुकली, हा आक्षेप शेवटपर्यंत राहिला. पण त्या दडपणामुळे ड्रेजरच्या सोंडेच्या तोंडाला नांगराच्या फाळासारखे विचलक बसवावे लागले. समुद्रतळावरचे कासव त्यामुळे बाजूला ढकलले जाते, आत ओढले जात नाही. ही युक्ती अमेरिकेत, फ्लोरिडाच्या खाडीमार्गात ड्रेजरखाली कासवे मेल्यानंतर निघाली. मुंबईत शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू २०१८ ते २०२४ या काळात झाला. तो शिवडीच्या चिखलवटीवरून, रोहित पक्ष्यांच्या चरण्याच्या जागेतून जातो, म्हणून त्या भागात आवाज अडवणारे पडदे लावले गेले. हे सारे पुरेसे होते असे मी म्हणत नाही. पण ते करारात होते, त्याला पैसा होता, म्हणून झाले. त्याच सेतूच्या कामात कोळी बांधवांना भरपाईसाठी वेगळे झगडावे लागले, हेही त्याच्या शेजारीच लिहून ठेवतो.

धामरा दूर आहे असे समजू नये. २०२१ च्या मार्चमध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर ०३२३३ क्रमांकाची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरच्या पुळणीवर अंडी घालताना सापडली. गुहागर म्हणजे दाभोळच्या खाडीपलीकडे. दोन्ही किनाऱ्यांची कासवे वेगळी, अशी समजूत होती. एका कासवीने ती मोडली.

आपल्या जवळचा खरा धडा वेळासचा आहे. मंडणगड तालुक्यातले हे गाव इतिहासाच्या पुस्तकात नाना फडणवीसांचे गाव म्हणून येते. त्याच तालुक्यात आंबडवे आहे, बाबासाहेबांचे मूळ गाव. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेला कासवाची घरटी आढळली. तोवर अंडी उकरली जात, खाल्ली जात, विकली जात. संस्थेने आणि वनखात्याने केलेली शहाणपणाची गोष्ट ही, की ज्यांना घरटे हुडकता येते त्यांनाच राखणीला घेतले. रात्री पुळण तुडवायची, माग ओळखायचा, अंडी काढून कुंपणातल्या वाळूत पुरायची, पिल्ले सोडायची. पुढे आंजर्ले, केळशी, दाभोळ येथेही कासवमित्र नेमले गेले. २०२२ च्या जानेवारीत वेळासची ‘प्रथमा’ आणि आंजर्ल्याची ‘सावनी’ यांच्या पाठीवर उपग्रहाची यंत्रे बसली. जे हात कायद्याच्या भाषेत शिकाऱ्याचे होते, ते राखणदाराचे झाले. आणि त्यासाठी त्यांना उपदेश करावा लागला नाही, ज्ञानाचा मोबदला द्यावा लागला. महोत्सवाला येणारे पाहुणे ज्या घरांत उतरतात ती घरे कोणत्या वाडीची, हा प्रश्न मात्र विचारत राहिला पाहिजे. मोबदला पुळणीवर पोहोचला म्हणजे वाडीवर पोहोचला असे नाही.

नदीकाठी आणि खाडीकाठी हे व्हायचे आहे. गाळाच्या कामावर मुकादम असतो, यंत्रचालक असतो, मोजणीदार असतो. काठ ओळखणारा माणूस नसतो. हातपाटीने वाळू काढणारा डुबी मारून तळ पाहतो, चिंबोऱ्या धरणाऱ्याला बिळे कळतात, कालवे काढणाऱ्या बायकांना खडक पाठ असतात. यांतले तिघेचौघे रोजावर घेतले आणि काम सुरू होण्याआधी त्यांच्याकडून काठाची यादी करून घेतली, तर किती खर्च येईल? एका यंत्राच्या डिझेलएवढाही नाही. गाळ टाकण्याची जागाही त्यांना विचारली पाहिजे. कारण तो ‘पडीक’ म्हणून चिखलवटीवर टाकला की खालचे मुळे आणि तिसऱ्या गुदमरतात, तिवराची श्वासमुळे बुजतात, आणि दुसऱ्या दिवशी ओहोटीला गेलेली बाई रिकामी टोपली घेऊन परतते. कासवमगरीचे आणि तिचे नुकसान एकाच डंपरने होते.

सभेत मात्र भाषा वेगळी असते. “माणूस आधी की मगर आधी?” असा प्रश्न टाळ्यांसाठी विचारला जातो, आणि माणूस म्हणून बोट दाखवले जाते ते आमच्या वस्तीकडे. ज्यांना सत्तर वर्षांत या वस्तीला वर्षभर नळाचे पाणी देता आले नाही, त्यांना गाळाच्या ठेक्याच्या दिवशीच ती आठवते. निसर्गप्रेमी मंडळींपैकी काहींचेही असेच. त्यांच्या छायाचित्रात पक्षी असतो, चिखल असतो, चिखलातली बाई चौकटीबाहेर असते. वाळूउपशाविरुद्ध लढताना २०१० साली महाडजवळ मार खाणाऱ्या सुमैरा अब्दुलालींसारखी माणसे त्यांत आहेत, हे मान्य करूनच मी हे लिहितो. १९२७ साली बैलाला पाणी देणाऱ्यांचे बैलावर प्रेम नव्हते; आज आमच्या नावाने घरटे उकरणाऱ्यांचे आमच्यावर आहे, यावर मी कशाच्या आधारे विश्वास ठेवू?

गेल्या दोन वर्षांपासून माझ्या वर्गातली खाडीकाठच्या गावांतली काही मुलेमुली एक वही लिहीत आहेत. घरच्या वडीलधाऱ्यांना विचारायचे आणि लिहायचे. वहीत चार रकाने आहेत: जागा, महिना, काय दिसले, कोणी सांगितले. चौथ्या रकान्यावरून सुरुवातीला वाद झाला. एका मुलाचे म्हणणे पडले, आजीचे नाव कशाला, ती काही अभ्यासक नाही. बाकीच्यांनी त्याला वहीतच उत्तर दिले, पुढच्या पानावर नुसती आज्यांची नावे आहेत. आंजर्ल्याच्या खाडीची एक बाजू पुरी झाली आहे. ऊद कोठे पोरे काढतो, मगर कधीपासून दिसेनाशी झाली, कोणत्या उघाडीपाशी पूर्वी कासव आत आले होते, असे बरेच त्यात आहे. भारजेच्या काठची पाने अर्धी भरली आहेत. दाभोळकडची अजून कोरी आहेत. तिकडच्या मुलींनी होळीच्या पुनवेचे उधाण उतरल्यावर जायचे ठरवले आहे.